बिल्ला नंबर चौऱ्याऐंशी

मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

मी, वय छप्पन वर्षे, धंदा शिवणकाम शिकवणे, पूर्वी दोऱ्याच्या कारखान्यात रीळ खात्यात कामाला, बिल्ला नंबर तीनशे सतरा, राहणार कामगार वसाहत, दुसरी ओळ, पाण्याच्या टाकीमागे, आज पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून लिहून देते की, मला कोणी बोलावलेलं नाही, कोणी पाठवलेलं नाही आणि कोणी शिकवलेलंही नाही. नाव ओळखपत्रावरून वर लिहून घेतलं आहे. शिक्षण सातवी. मला नीट दिसतं, नीट ऐकू येतं. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती, ती मी रविवारपासून घेतलेली नाही. हे मुद्दाम लिहायला लावते, कारण उद्या कोणीतरी म्हणणार की बाई भानावर नव्हती.

माझ्यासोबत एक बाई आली आहे. पाडकामाच्या मशीनचा जो ऑपरेटर बुधवारपासून तुमच्या कोठडीत आहे, त्याची ती बायको. तिच्या कडेवर मुलगी आहे. फाटकावरच्या शिपायाने ये-जा लिहायची वही पुढे केली आणि म्हणाला, "मावशी, त्यांचे हात अडकलेत, दोघींची सही तुम्हीच करून टाका." मी म्हटलं, नाही. मुलीला मी घेते, तिची सही ती करेल. शिपायाला राग आला असावा. मी मुलीला धरलं, तिने सही केली.

मी सांगते ते गेल्या बुधवारी कारखान्याच्या जुन्या कॅन्टीनमध्ये माझे पती गेले त्याबद्दल. पती म्हणजे वय एकसष्ट, कारखान्यात देखभालीचे फिटर, बिल्ला नंबर चौऱ्याऐंशी. वसाहतीत त्यांना सगळे 'बघू' म्हणायचे. कारण कुठलंही काम सांगा, उत्तर एकच, "बघू." माणूस देवमाणूस, पण धडाला चिकटलंय म्हणून डोकं रोज घरी यायचं. चष्मा, छत्री, किल्ली, डबा, सगळं त्यांच्या मागे फिरून मी गोळा करायचे. लग्नाला एकतीस वर्षं झाली. या सवयीचा पुढे संबंध आहे, म्हणून सांगते.

कारखाना नऊ वर्षांपूर्वी बंद झाला. यंत्रं भंगारात गेली, कॅन्टीन तेवढं उभं राहिलं. एक मोठा हॉल, बाजूला स्वयंपाकघर, मागे सामानाची खोली. आम्ही जुन्या कामगारांनी ते झाडलं, पुसलं, रंगवलं. दर बुधवारी संध्याकाळी वसाहतीची सभा तिथेच व्हायची. पाणी आलं नाही, गटार तुंबलं, कोणाची म्हातारी एकटी पडली, सगळं तिथे निघायचं. मंगळवारी एक डॉक्टर फुकट तपासायच्या. घरी जागा नाही अशी साठ मुलं तिथे अभ्यासाला बसायची. मागच्या खोलीत मी मुलींना शिवण शिकवते. म्हणजे शिकवायचे. नगरपालिकेला ती जागा गाड्या उभ्या करायला पाहिजे होती. आमच्या अख्ख्या वसाहतीत मिळून चार गाड्या आहेत.

पाडायची नोटीस लागली तेव्हा समितीने ठरवलं की हॉल एक मिनिटही रिकामा ठेवायचा नाही. पाळ्या लावल्या. समितीच्या प्रमुख मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्या मुलीला त्यांनीच शिकवलं. एकोणीस दिवस आम्ही तो हॉल धरून बसलो. न्हावी तिथेच दाढ्या करायचा. भांडणंही झाली, चहात साखर जास्त की कमी यावरून दोन दिवस दोन घरं बोलत नव्हती. मला ते एकोणीस दिवस चांगले गेले. तसं म्हणायला आता जीभ उचलत नाही, पण खरं आहे ते खरं.

आत कोण आहे, कोण नाही, हे कळायला आम्ही कारखान्याचीच रीत धरली. कारखान्यात प्रत्येकाला नंबरचा पितळी बिल्ला असायचा. आत शिरताना फळीवर आपल्या खिळ्याला लावायचा, सुटताना काढून न्यायचा. फळीवर बिल्ला राहिला म्हणजे माणूस आत राहिला. मग वॉचमन सगळी खाती पालथी घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला सगळ्यांसमोर बोलणी बसायची. लग्नाआधी यांना आठवड्यातून दोनदा बसायची. लग्नानंतर एकदाही बसली नाहीत. कारण सुटताना माझा बिल्ला काढला की तोच हात पुढे जाऊन यांचा काढायचा. हे फाटकाबाहेर विडी ओढत उभे असायचे. मी गेले की विचारायचे, "घेतलास?" मी म्हणायचे, "घेतला."

ती जुनी फळी आम्ही कॅन्टीनच्या दाराशी लावली. जुन्या कामगारांकडे आपापले पितळी बिल्ले होते. ज्यांच्याकडे नव्हते, उदाहरणार्थ न्हावी, त्यांच्यासाठी यांनी पत्रा कापून, खिळ्याने आकडे ठोकून बिल्ले बनवले. ते काम मात्र त्यांनी एका दिवसात केलं.

फळीवर रंगाने एक ओळ लिहिली होती, 'ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा.' तो नियम सभेत मी मांडला होता. दुसऱ्याने दुसऱ्याचा काढला तर फळीला अर्थ काय, असं मीच म्हणाले होते. न्हाव्याच्या भावाने एकदा न्हाव्याचा बिल्ला काढून नेला, तर मी त्याला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावून चारचौघांत झापलं होतं. त्याच एकोणीस दिवसांत यांचा बिल्ला मी किती वेळा काढला, ते मोजलेलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला कोणी टोकलं नाही. फळीशी उभं राहायचं काम माझंच होतं, मला कोण टोकणार?

नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब तिसऱ्या दिवशी आले. त्यांच्याशी तोंडी ठरलं की फळीवर एक जरी बिल्ला असेल तरी मशीन फाटकाच्या आत येणार नाही. मास्तरीणबाईंनी ते सभेच्या वहीत लिहून ठेवलं आहे. साहेबांनी ते पाळलं. दोनदा मशीन येऊन फळी बघून परत गेलं. दोन्ही वेळा हाच ऑपरेटर होता. दुसऱ्या वेळी त्याने आमच्याकडे पाणी मागितलं, ते मी दिलं.

बुधवारी सकाळी साडेसात वाजता मी आणि माझे पती घरून निघालो. पाडकामाविरुद्ध समितीने कोर्टात अर्ज केला होता, त्याची आदल्या दिवशी सुनावणी झाली होती, निकाल लागायचा होता. मागच्या खोलीत माझी शिलाई मशीन होती. चोरीला जाऊ नये म्हणून यांनी ती चार बोल्टनी जमिनीत ठोकून बसवली होती. मी वाटेत म्हटलं, "अहो, ती मशीन आज सोडवा. कोर्टाचा काही भरवसा नाही." ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "तुमचं बघू म्हणजे पुढच्या जन्मी." ते हसले. हे आमचं शेवटचं बोलणं. दहा वाजता मी त्यांना चहा दिला, पण तेव्हा काही बोलणं झालं नाही.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी इंजिनिअर साहेब कोर्टाचा हुकूम घेऊन आले. सोबत तुमचे आठ पोलीस होते. हुकूम मोठ्याने वाचला. बाहेर निघायला वीस मिनिटं दिली. मास्तरीणबाई म्हणाल्या, कोणी आडवं पडायचं नाही, ढकलाढकली करायची नाही, बिल्ले काढा आणि समोरच्या रस्त्यावर जाऊन बसा. हॉलमध्ये त्रेचाळीस माणसं होती. काही बायका रडत होत्या. मी रडत नव्हते, मी फळीशी उभी होते. एकेक जण येऊन बिल्ला काढत होता. कोणी नमस्कार केल्यासारखा कपाळाला लावला, कोणी नुसता खिशात टाकला.

माझे पती या वेळात कुठे होते ते मी पाहिलं नाही. पाहायला पाहिजे होतं. कारखान्यातल्या आवाजाने त्यांचा डावा कान गेलेला, उजव्याने अर्धं ऐकू यायचं. साहेबांनी हुकूम वाचला तेव्हा ते मागच्या खोलीत होते, हे मला आता माहीत आहे. त्या खोलीचं दार आपोआप बंद होतं, कारण मुलींच्या कापडावर धूळ येते म्हणून मी मागे लागून यांच्याकडून त्याला स्प्रिंग लावून घेतली होती.

अकराला तीन-चार मिनिटं कमी असताना फळीवर दोन बिल्ले उरले, तीनशे सतरा आणि चौऱ्याऐंशी. मी मागे वळून पाहिलं. हॉल रिकामा होता. मी "अहो" अशी एकदा हाक मारली. एकदाच. उत्तर आलं नाही. मला वाटलं, गेले पुरुषांबरोबर, बाहेर विडी ओढत उभे असतील. नेहमीसारखे. मी माझा बिल्ला काढला, त्यांचा काढला आणि दोन्ही मोजपट्टीच्या पिशवीत टाकले.

या ठिकाणी हवालदारांनी 'चुकून काढला' असं लिहिलं होतं. मी त्यांना थांबवलं. चुकून नाही. चुकून म्हणजे हात भलतीकडे जातो. माझा हात बरोबर त्याच खिळ्याकडे गेला. सवयीने काढला असं लिहा म्हटलं. त्यांनी खोडून लिहिलं, बाजूला माझी सही आहे.

तेवढ्यात इंजिनिअर साहेब दारात आले. त्यांनी फळी बघितली आणि मला विचारलं, "सगळे?" मी म्हटलं, "सगळे." ते आत एक चक्कर मारून आले. हॉल आणि स्वयंपाकघर पाहिलं. मागच्या खोलीचं दार त्यांनी उघडलं नाही. उघडायला हवं होतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगेन. पण फळीवरून नजर फिरवली तेव्हा ती रिकामी होती, आणि रिकामी मी केली होती. मग त्यांनी कागदावर सही केली. आता नगरपालिकेने म्हणे नियम काढला आहे की प्रत्येक खोली उघडून पाहायची. बैल गेला आणि झोपा केला.

मी बाहेर जाऊन बसले. घोषणा चालू होत्या, मीही देत होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीन मागच्या रस्त्याने आलं. पुढे माणसं बसलेली म्हणून मागून आलं. पहिला घाव मागच्या भिंतीवर बसला. दुसराही. धूळ आली. ऊन होतं, म्हणून यांची टोपी द्यायला मी पिशवीतून काढली, कारण ती टोपी सकाळी खुंटीवरून मीच उचलली होती. आजूबाजूला पाहिलं. न्हाव्याला विचारलं, "हे कुठे आहेत?" तो म्हणाला, "वहिनी, तुमच्याबरोबर नव्हते?" मी पिशवीत हात घातला. हाताला दोन बिल्ले लागले.

त्यानंतर मी ओरडले असं सगळे सांगतात. मला माझा आवाज आठवत नाही. मी मागच्या बाजूला पोचले तेव्हा मशीन बंद झालं होतं. ढिगाऱ्यावर सगळ्यात पहिला ऑपरेटर होता. तो हातांनी विटा काढत होता. त्याची नखं फुटलेली मी पाहिली. तो सारखा म्हणत होता, "काकी, फळी रिकामी होती. काकी, मी साहेबांना दोनदा विचारलं, फळी रिकामी होती." मी त्याला काही बोलले नाही. तेव्हाच "हो" म्हणायला पाहिजे होतं. दोन पोलिसांनी त्याला धरून नेलं, तेव्हाही तो माझ्याकडे बघून तेच म्हणत होता.

माझ्या पतींना पाऊण तासाने बाहेर काढलं. चेहऱ्याला काही लागलं नव्हतं. मी ओळख पटवली. शिलाई मशीन शेजारीच होती. चारपैकी तीन बोल्ट काढून ओळीने बाजूला ठेवले होते. चौथ्यावर पाना तसाच लावलेला होता. एकतीस वर्षांत मी सांगितलेलं काम त्यांनी सांगितलं त्या दिवशी केलं, असं हे पहिलंच. पंचनाम्यात बोल्टचा उल्लेख नाही, म्हणून इथे करते.

गुरुवारी अंत्यसंस्कार झाले. अख्खी वसाहत आली होती. मुलगी परगावाहून आली आहे, ती माझ्याजवळ आहे. मला रडू येत नाही म्हणून तिने डॉक्टर आणले. डॉक्टर म्हणाले, येईल. अजून आलेलं नाही.

शनिवारी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी शोकसभा झाली. हजारभर माणूस असेल, आमच्या बुधवारच्या सभेला कधी साठाच्या वर आलं नाही. मास्तरीणबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, चौऱ्याऐंशी नंबरचा बिल्ला फळीवरच होता, नगरपालिकेच्या माणसाने तो काढून फेकला, आणि आत माणूस आहे हे माहीत असून भिंत पाडली. हा खून आहे, असं त्या म्हणाल्या. लोकांनी ऑपरेटरच्या नावाने घोषणा दिल्या. मास्तरीणबाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांना तसंच वाटत होतं. आमची फळी कधी चुकली नाही, मग 'बघू' आत आणि फळी रिकामी हे होईलच कसं? त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. दोन्ही बिल्ले माझ्या मुठीत होते.

सभा संपल्यावर मास्तरीणबाई घरी आल्या. मी मूठ उघडून दाखवली. त्यांनी माझी बोटं एकेक करून परत मिटली. विचारलं, "कोणाला दाखवलंस?" मी म्हटलं, कोणाला नाही. म्हणाल्या, "मग नको दाखवूस. तो गेला तो गेला. आता त्याने जागा वाचवली म्हणायचं, की बायकोच्या हाताने गेला म्हणायचं, हे तू ठरव. साठ पोरं तिथे बसतात, हे विसरू नकोस." मी म्हटलं, "बाई, तो ऑपरेटर?" त्या म्हणाल्या, "त्याला वकील मिळेल." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वाईट नाहीत. त्यांनी वसाहतीसाठी तीस वर्षं घातली, मी त्यांच्याविरुद्ध एक शब्दही लिहून देणार नाही. जे बोलणं झालं तेवढं सांगितलं.

रविवारी दुपारी चार वाजता ऑपरेटरची बायको आमच्या दारात आली. माझी मुलगी तिला आत येऊ देत नव्हती, मी म्हटलं येऊ दे. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "काकी, माझं मागणं काही नाही. हे म्हणतात फळी रिकामी होती. कोणी मानत नाही. एवढंच सांगा, खरं की खोटं." मी तिला पाणी दिलं. तिच्या पोरीने ते सांडलं, मी पुसलं. मी उत्तर दिलं नाही. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी फडकं हातात घेऊन उभी होते. माझी मला लाज वाटली. आठवड्यात मला तेवढंच काही वाटलं.

सोमवारी कोर्टाने उरलेल्या पाडकामाला स्थगिती दिली. कारण हेच, की बिल्ला फळीवर असताना पाडलं असा आरोप आहे, तपास होईपर्यंत हात लावायचा नाही. वसाहतीत लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. हॉलला यांचं नाव द्यायचं ठरलं आहे. 'बघू हॉल' म्हणायचं की खरं नाव लिहायचं यावरून मतभेद आहेत, असं न्हाव्याने सांगितलं. यांना ते ऐकून फार हसू आलं असतं.

मी न्हाव्याला तेव्हाच सांगितलं की मी उद्या ठाण्यात जाणार आहे. तो म्हणाला, "वहिनी, हात दाखवून अवलक्षण कशाला? कोणी बघितलं तरी का तुम्हाला काढताना?" कोणी बघितलेलं नाही. फळी रिकामी होती असं इंजिनिअर साहेबही सांगतात, पण ते स्वतःला वाचवतात असंच सगळे म्हणतात. हे मी तपासाच्या सोयीसाठी सांगते. मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कधीच कळलं नसतं. मुलगी म्हणते, "आई, बाबा गेलेत, आता त्या माणसाचं ओझं तू कशाला घेतेस?" मी तिला म्हटलं, ओझं त्याचं नाहीच, माझं आहे, तो नुसता धरून उभा आहे. आज सकाळी मी ऑपरेटरच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला म्हटलं, "चल. खरं आहे."

विचारल्यावरून सांगते की, माझं आणि माझ्या पतींचं कोणतंही भांडण नव्हतं. रोजची कटकट होती, ती सगळी मीच करायचे. विचारल्यावरून सांगते की, त्यांचा बिल्ला तिथेच राहू द्यावा असं मला त्या क्षणी वाटलं का, तर नाही. वाटायला थांबलेच नाही. एक क्षण थांबले असते तर विचारलं असतं, की हे बाहेर असतील तर मला "घेतलास?" म्हणून विचारायला दारात का आले नाहीत.

या जबाबामुळे माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे ठाण्याच्या साहेबांनी समजावून सांगितलं. समजलं. स्थगिती उठू शकते आणि हॉल जाऊ शकतो, हेही सांगितलं. तेही समजलं. हॉल गेला तर मला फार वाईट वाटेल असं मला वाटतं, सध्या वाटत नाही. वसाहतीत लोक माझ्याशी बोलणार नाहीत. मुलींचे अर्धे शिवलेले झगे माझ्या घरी आहेत, ते त्यांनी येऊन न्यावेत, किंवा मी पोचवीन. ऑपरेटरने फळी बघून काम केलं. त्याला फळी रिकामी दिसली, कारण ती रिकामी होती. या बाबतीत त्याची काही चूक नाही, असं मी माझ्या माहितीने सांगते.

पितळी बिल्ले नग दोन, नंबर तीनशे सतरा आणि चौऱ्याऐंशी, मी टेबलावर ठेवले. हवालदारांनी ते कागदात बांधून, लाख लावून जमा करून घेतले. मी विचारलं, माझा मी ठेवू का, पुरावा म्हणून एक पुरे होईल ना? ते म्हणाले, दोन्ही लागतील. बरं म्हटलं. नाहीतरी ते कधी वेगवेगळे राहिले नाहीत. पावती मिळाली.

हवालदारांनी सगळा मजकूर मला सावकाश दोन वेळा वाचून दाखवला. मी बोलले तेवढंच कागदावर आलं आहे, पदरचं काही घातलेलं नाही आणि गाळलेलंही नाही, म्हणून खाली सही करते. वेळ बारा वाजून पाच मिनिटं.

सहीनंतर माझ्या सांगण्यावरून एक मजकूर वाढवला तो असा. आता निघताना मी फाटकावरच्या वहीत माझ्या नावापुढे बाहेर पडल्याची सही करीन. माझ्यासोबत आलेली बाई नवऱ्याची वाट बघत बाकावर बसली आहे, मुलगी तिच्या मांडीवर झोपली आहे. शिपायाने पुन्हा म्हटलं तरी तिची सही मी करणार नाही. ती अजून आत आहे.